भाड्याने द्यायला दुसरा फ्लॅट घ्यावा का, आणि करार नोटरीचा चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातलं जोडपं, राहतं घर फेडून झालंय. आता सिंहगड रोडला ७० लाखांचा रीसेल फ्लॅट फक्त भाड्याने देण्यासाठी घ्यायचाय, त्यातले ५० लाख कर्ज. एजंट म्हणतो महिना २५,००० सहज येतील, करार अकरा महिन्यांचा नोटरीकडे करा, नोंदणीच्या भानगडीत पडू नका. सोसायटी भाडेकरू ठेवणाऱ्यांकडून दुप्पट मेंटेनन्स घेते म्हणे. पत्नी शिकवण्या घेते, तिचं उत्पन्न कमी आहे, तर भाडं तिच्या नावावर दाखवलं तर कर वाचेल का? शिवाय दुबईतल्या भावाचा एक फ्लॅट पुण्यात आहे, त्याचं भाडं हे गृहस्थ स्वतःच्या खात्यात घेतात.

मी पुण्यात वकिली करते आणि मालमत्तेचीच कामं बघते. माझ्याकडे येणारे बहुतेक घरमालक चावी देऊन झाल्यावर येतात. तुम्ही आधी विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा हिशोब, कारण कागदाचं महत्त्व त्यातूनच कळतं. फ्लॅट ७० लाखांचा असला तरी तुम्हाला तो ७० लाखांना पडत नाही. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. नोंदणी फी ३०,०००. एजंटचा एक टक्का धरा. पंखे, गीझर, मॉड्युलर किचन, रंग यांत दोन लाख कुठे जातात कळतही नाही. झाले ७८ लाख. आता वर्षाचं भाडं बारा महिन्यांचं धरू नका, अकराच धरा, कारण एक भाडेकरू गेला आणि दुसरा आला की मधे महिनाभर घर रिकामं राहतंच. हाती २ लाख ७५ हजार. त्यातून मेंटेनन्स महिना ३,५०० प्रमाणे ४२,०००, मिळकतकर १२,०००, दुरुस्ती १५,०००, आणि दोन वर्षांनी एकदा एक महिन्याची दलाली म्हणजे वर्षाला १२,५००. उरले १ लाख ९३ हजार ५००. ७८ लाखांवर हे अडीच टक्केही नाहीत. ५० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलंत तर हप्ता ४३,४०० च्या आसपास बसतो. म्हणजे दरमहा २७,००० तुमच्या पगारातून जाणार. ‘भाड्यात हप्ता निघतो’ हे वाक्य एजंटने उच्चारलं की मी खुर्ची जरा मागे घेते.

मिळकतकराचं एक पुणेरी प्रकरण यातच बघून घ्या. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला ४० टक्के सवलत देते. तुम्ही घ्याल त्या फ्लॅटला आधीच्या मालकामुळे ही सवलत चालू असेल, तर भाड्याने दिल्यावर ती तुमची नाही. जुनी पावती बघून वर्षाचा आकडा ठरवू नका.

पुढे भाव वाढेल या आशेने लोक घेतात, ते मला मान्य आहे. पण मग तो भाड्याचा व्यवसाय नव्हे, भाववाढीवरचा डाव आहे, आणि भाडं म्हणजे वाट बघतानाचा चहापाण्याचा खर्च. हे स्वतःशी कबूल करून घ्यायचं असेल तर जरूर घ्या.

आता मुद्द्याचं बोलते. वरच्या हिशोबात भाडेकरूने एक वर्ष भाडं दिलं नाही आणि जागाही सोडली नाही, तर ३ लाख गेले. म्हणजे दीड वर्षाहून जास्त निव्वळ कमाई. इतक्या बारीक नफ्यावर चालणाऱ्या गोष्टीत कागद कच्चा ठेवणं परवडतच नाही.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत आली कुठून? १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. त्यातून वाचायला अकरा महिन्यांची पळवाट निघाली आणि देशभर रुळली. पण महाराष्ट्रात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ताबा स्वतःकडे ठेवून जागा ठरावीक मुदतीपुरती नुसती वापरायला देण्याचा) कोणताही करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. मुदत अकरा महिने असो की अकरा दिवस, फरक पडत नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खरी मेख त्याच्या पुढच्या वाक्यात आहे: नोंदलेला करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे तो म्हणाला ‘मला ही जागा कायमची भाड्याने दिली, भाडं ८,००० ठरलं होतं’, तर ते खोटं आहे हे सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. वकिली सुरू केल्यावर पहिल्याच काही वर्षांत माझ्या आईचा फ्लॅट ओळखीतल्या एका कुटुंबाला दिला. करार मीच टाइप केला, शंभराच्या स्टॅम्पवर, नोटरी करून. माणसं सज्जन होती, दोन वर्षं भाडं वेळेवर आलं. नंतर त्यांच्या घरात काहीतरी बिनसलं आणि जागा सोडायची वेळ आली तेव्हा आम्हाला नोटीस आली की आम्ही भाडेकरू आहोत आणि आम्हाला संरक्षण आहे. लघुवाद न्यायालयात मी दुसऱ्यांच्या बाजूने उभी राहायचे, तिथे स्वतःच्या आईच्या बाजूने उभी राहिले. शेवटी पैसे देऊन तडजोड केली. वकिलाच्या घरचा कागद कच्चा, याहून मोठी थट्टा नाही.

‘भाडेकरू’ आणि ‘लायसन्सी’ (लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा) या शब्दांत इतका जीव का अडकलाय, हे मुंबईच्या पागडीच्या चाळी पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. घरमालकांनी मग भाडेकरार टाळून लिव्ह अँड लायसन्सवर जागा द्यायला सुरुवात केली. सरकारने १९७३ मध्ये दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या लायसन्सींनाच भाडेकरू ठरवलं. एका तारखेने हजारो घरमालकांची जागा हातची गेली. ती भीती आजही घरमालकाच्या मनात बसलेली आहे, आणि अगदीच निराधार नाही. १९९९ च्या कायद्यातसुद्धा खरा भाडेकरू नियमित भाडं देत असेल तर त्याला सहजासहजी काढता येत नाही, आणि भाडं वर्षाला ४ टक्केच वाढवता येतं. लायसन्सीला हे लागू नाही, म्हणून तुम्हाला हवा तो लिव्ह अँड लायसन्सच.

आणि तो नोंदवलेला असला की कलम २४ तुमच्या कामी येतं. मुदत संपूनही राहण्यासाठी दिलेली जागा सोडली नाही तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, आणि अर्ज दिवाणी न्यायालयात नव्हे, सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, करायचा असतो. तिथे लेखी करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा मानतात. समोरच्याला नुसतं येऊन ‘नाही’ म्हणता येत नाही; समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते. दिवाणी दावा आणि हा अर्ज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

यासाठी खर्च किती? चोवीस महिन्यांचा करार, भाडं २५,०००, परत करायचं डिपॉझिट एक लाख असं धरू. चोवीस महिन्यांचं भाडं ६ लाख, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी मानीव व्याज २०,०००. एकूण ६ लाख २० हजारांवर पाव टक्का म्हणजे मुद्रांक शुल्क १,५५० च्या घरात. शहरी भागात नोंदणी फी १,०००. आधार आणि अंगठ्याचा ठसा घेऊन एजंट घरी येऊन ऑनलाइन नोंदणी करतो, त्याचा मेहनताना वेगळा. हे वाचवायला लोक कलम ५५ अंगावर घेतात! मुदत मात्र ६० महिन्यांच्या वर नेऊ नका, त्यापुढे तो भाडेपट्टा धरून शुल्क लावतात.

करारात काय लिहायचं हे सगळं सांगत बसत नाही, नमुने मिळतात. तीन गोष्टी मात्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. एक, कायदेशीर ताबा मालकाकडेच आहे आणि जागा फक्त वापरायला दिली आहे हे वाक्य. दुसरी, लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) आणि नोटिशीचा कालावधी दोन्ही बाजूंना सारखा आहे का. तिसरी, डिपॉझिट कधी आणि कशातून वळतं करून परत द्यायचं. सर्वात जास्त भांडणं शेवटच्या दिवशी, भिंतीच्या रंगावरून होतात. चावी देताना फोनवर व्हिडिओ काढा, वीज मीटरचं रीडिंग घ्या आणि तो व्हिडिओ त्याच क्षणी भाडेकरूलाच पाठवा. आणि केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यातली दोन महिन्यांच्या डिपॉझिटची मर्यादा व्हॉट्सअॅपवर फिरत असते. महाराष्ट्रात लागू आहे तो १९९९ चा कायदा, त्यामुळे ती इथे आपोआप लागत नाही. तरी माझं मत असं की दोन-चार महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट मागणाऱ्याला चांगले भाडेकरू मिळत नाहीत.

भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवा. परदेशी नागरिक ठेवलात तर त्याची माहिती २४ तासांत सरकारला कळवावी लागते, त्यात सूट नाही. आणि कितीही राग आला तरी पाणी-वीज तोडू नका, कुलूप बदलू नका. पाणी-वीज तोडणं हा भाडे कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे, आणि एकदा का तुमच्यावर तक्रार झाली की तुमची भक्कम केस मागे पडते.

सोसायटीचं बघू. दुप्पट मेंटेनन्स घेता येत नाही. १ ऑगस्ट २००१ च्या राज्य सरकारच्या आदेशाने बिनभोगवटा शुल्क, ज्याला सगळे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस म्हणतात, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच बांधलं आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश उचलून धरला आहे. लक्षात घ्या, १० टक्के पूर्ण बिलाचे नव्हेत. महिन्याच्या ३,५०० च्या बिलात सेवा शुल्क १,८०० असेल तर जास्तीत जास्त १८० रुपये. आई-वडील, भाऊ-बहीण, विवाहित मुलगी राहत असतील तर तेही नाही. भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आगाऊ कळवणं आणि कराराची प्रत देणं लागतं. एक पुणेरी मेख: तुमची इमारत सहकारी सोसायटी नसून अपार्टमेंट असेल, म्हणजे १९७० च्या कायद्याखालची, तर हा आदेश सहकारी संस्थांसाठीचा आहे. तिथे घोषणापत्र आणि त्यांचे उपविधी मागवून वाचा. खरेदीआधी हे विचारायचं, नंतर नव्हे.

खरेदीच्या वेळी आणखी एक गोष्ट लोकांच्या हातून सुटते. घर ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस, म्हणजे त्याच्या रकमेतून आधीच कापून घेतलेला प्राप्तिकर, तुम्ही कापायचा आणि भरायचा. इथे ७०,०००. विकणारा अनिवासी असेल तर तो टीडीएस याहून बराच मोठा असतो, तेव्हा आधी सीएला विचारा. बँकेच्या कर्जाच्या अटीही वाचा. घर भाड्याने देण्यासाठी बँकेला कळवण्याची किंवा संमतीची अट त्यात असू शकते.

कराकडे येते. भाड्यातून तुम्ही भरलेला मिळकतकर वजा करायचा, उरलेल्यातून सरसकट ३० टक्के वजा करायचे, मग गृहकर्जाचं व्याज. हे ३० टक्के म्हणजे दुरुस्ती, मेंटेनन्स, दलाली सगळ्याची मिळून सूट. वेगळ्या पावत्या गोळा करण्यात अर्थ नाही. तुमच्या आकड्यांत: २,७५,००० वजा १२,००० म्हणजे २,६३,०००, त्याचे ३० टक्के ७८,९०० गेले, उरले १,८४,१००. पहिल्या वर्षी व्याज ४ लाख २० हजारांच्या आसपास. म्हणजे कागदावर २ लाख ३५ हजारांचा तोटा. जुन्या करप्रणालीत यातले २ लाख पगारातून वजा होतात, उरलेला पुढची आठ वर्षं घराच्या उत्पन्नातूनच वळता करता येतो. नव्या प्रणालीत पगारातून एक रुपयाही वजा होत नाही. सीए ‘तोटा दाखवू’ म्हणाला की विचारा, कोणत्या प्रणालीत? नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, त्यात कलमांचे आकडे बदलले, पण मिळकतकर वगळून ३० टक्के ही रीत तीच आहे.

पत्नीच्या नावावर भाडं दाखवण्याबद्दल. भाडं कोणाच्या खात्यात आलं यावर कर ठरत नाही, मालक कोण यावर ठरतो. आणि तुमच्या पैशाने तिच्या नावावर घर घेतलंत तरी ते उत्पन्न कर खातं तुमच्याच उत्पन्नात मिळवतं. तिने स्वतःच्या कमाईतून जितका वाटा घातला, तितकंच तिचं. तो वाटा खराखुरा असेल तर खरेदीखतात टक्केवारीने लिहा. एका ठिकाणी मात्र तिच्या नावाचा सरळ फायदा आहे: फक्त स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट, तुमच्या बाबतीत ७०,०००. पण मग व्याजाची वजावट मालक नसलेल्या तुम्हाला स्वतःच्या नावावर थेट घेता येणार नाही, हे दोन्ही पारड्यांत घालून बघा.

भाडं रोखीत घेऊन लपवण्याचा सल्ला कोणी दिलाच, तर एवढंच: भाडेकरू एचआरएची (घरभाडे भत्त्याची) करसवलत घेतो, वर्षाचं भाडं एक लाखावर गेलं की कंपनीला तुमचा पॅन देतो, आणि तो आकडा कर खात्यात पोचतो. भाडं महिना ५०,००० च्या वर असेल तर वैयक्तिक भाडेकरूलाही २ टक्के टीडीएस कापावा लागतो. तुमचं तितकं नाही, सोडा. भाडेकरू जीएसटी नोंदणी असलेली कंपनी असेल तर राहत्या घरावरही १८ टक्के जीएसटी १८ जुलै २०२२ पासून आहे, पण तो तिने भरायचा.

भावाचं प्रकरण मला सगळ्यात जास्त खटकलं. भाऊ अनिवासी आहे. अनिवासी मालकाला भाडं देणाऱ्याने कर कापून द्यायचा असतो, साधारण ३१.२ टक्के, आणि इथे ५०,००० सारखी कोणतीही खालची मर्यादा नाही. तुमच्या खात्यात पैसे येत असल्याने भाडेकरू ते कापत नाही. उद्या विचारणा झाली तर तो थकबाकीदार, आणि त्याने एचआरएसाठी तुमचा पॅन दिला असेल तर ते उत्पन्न तुमचं म्हणून दिसणार. भावाचं भारतातलं एकूण उत्पन्न करमर्यादेखाली असेल तर विवरणपत्र भरून कापलेला कर परत मिळतो, किंवा कमी दराने कापायचं प्रमाणपत्र आधीच काढता येतं. दुबईत वैयक्तिक प्राप्तिकर नाही म्हणून इथेही नाही, असं होत नाही. घर इथे आहे, तर कर इथे.

त्याच्या भाडेकरूचा करारही नोटरीचाच असणार असं मी धरून चालते. कलम ५५ मुदत बघत नाही, म्हणून ती संपायची वाट न बघता नवा करार नोंदवूनच करा. भाऊ येऊ शकत नसेल तर त्याने दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासात कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवावं. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं, मग तुम्ही त्याच्या वतीने सही करू शकता. करारात मालक म्हणून भावाचं नाव आणि भावाचा पॅन, तुमचा नव्हे. तोवर भाडेकरूला जुन्याच अटींवर राहू द्या, फक्त पुढच्या महिन्याचं भाडं कर कापून भावाच्या एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) टाकायला त्याला आजच सांगा.